मास्तरांचे पान आणि परक्या खिडक्या

दिवाळीच्या आधी आठवडाभर आमच्या कोडोलीतल्या पोरांचे हात कोपरापर्यंत चिखलाने माखलेले असतात. पन्हाळा आमच्या तालुक्याचाच गड, तेव्हा अंगणात किल्ला उभा राहिला नाही तर दिवाळी आली असे कोणी म्हणतच नाही. खाली विटांचे तुकडे, वर जुने पोते, त्यावर लाल मातीचा लेप, तटाच्या कडेने पेरलेली मोहरी आणि शेवटी कुंभाराकडून आणलेले मावळे. अलीकडे बाजारात तयार किल्लेही मिळू लागले आहेत. प्लॅस्टरचा गड, रंगवलेला, बुरुजासकट. गेल्या दिवाळीत आमच्या गल्लीत असे दोन किल्ले समोरासमोर होते. तयार किल्ल्याजवळ येणारा माणूस क्षणभर थांबे, 'छान आहे' म्हणे आणि पुढे जाई. मातीच्या किल्ल्याजवळ मात्र लोक खोळंबत, कारण तिथे एक पोरगा उकिडवा बसून, ही चोरवाट, हे टाके, इथून दोर सोडायचा, असे सांगत असे. मावळे त्याचेही विकतचेच होते! पण कोणता मावळा कुठे उभा करायचा आणि का, हे त्याचे त्याने ठरवलेले होते.

हा विकतचा मावळा माझ्या डोक्यातून जाईना, त्याला कारण आहे. गेली काही वर्षे मी एक विचित्र वाचन करतो आहे. महाराष्ट्रातल्या शिक्षकबंधुभगिनींनी इंटरनेटवर आपापली जी पाने उघडली आहेत, ज्यांना ब्लॉग म्हणतात किंवा एखाद्या वर्गाचे संकेतस्थळ म्हणतात, ती मी रात्री जेवणानंतर वाचत असतो. दिवाळी अंकांतून कादंबऱ्यांची समीक्षा होते, नाटकांची होते, वर्षभरातल्या कवितेचा आढावाही येतो. ह्या पानांची समीक्षा मात्र कोणी केलेली मी पाहिली नाही. आणि आमच्या वर्गातली मुले पाठ्यपुस्तकाबाहेरचे जे मराठी गद्य वाचतात, त्यांत कादंबरी क्वचित असते आणि मास्तरांचे पान बहुधा असते! मी कादंबऱ्या लिहितो, तेव्हा हे कबूल करताना जिवावर येते. माझी स्वतःची मजल मॅट्रिकपर्यंतची. समीक्षेचे शास्त्र मला येत नाही. पण चाळीशी ओलांडलेल्या मास्तराला वाचायला येते, एवढे धरून चालू.

ह्या पानांवर सर्वांत डोळ्यांत भरणारी वस्तू म्हणजे खिडकी. इंग्रजीत तिला विजेट म्हणतात, आमचे शिक्षक गॅजेटही म्हणतात, आणि ती बसवण्याच्या क्रियेला एम्बेड करणे. घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी सांगतो. पान आपले असते. पण त्याच्या मधोमध एक चौकोन कापून त्यातून दुसऱ्या कोणाचे तरी पान दिसेल अशी सोय करता येते. कुठल्या तरी परक्या संगणकावरचा चित्रपट, नकाशा, घड्याळ, प्रश्नपत्रिका आपल्या मजकुरात चालू लागते. मुलाला आपले पान सोडून जावे लागत नाही. ज्या भाषेत ही पाने लिहिली जातात तिच्या १९९७ सालच्या नियमावलीत ह्या चौकटीला जागा मिळाली. २००५ साली यूट्यूब निघाले तेव्हा त्याचा चित्रपट कोणालाही आपल्या पानावर लावता येऊ लागला, आणि ते इतक्या झपाट्याने पसरले त्यात ह्या सोयीचा वाटा मोठा होता. एक-दोन ओळींचा कोड उचलायचा आणि आपल्या पानात चिकटवायचा, की झाले. मोहरी पेरायलासुद्धा ह्याहून जास्त वेळ लागतो.

आपल्याकडे ह्या पानांना बहर आला तो २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' सुरू झाल्यानंतर. 'तंत्रस्नेही शिक्षक' हा शब्द त्याच सुमारास गावोगाव ऐकू येऊ लागला. पाठोपाठ पाठ्यपुस्तकांच्या पानांवर क्यूआर कोडची ठिपक्यांची जाळी आली, आणि सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले ह्यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला तो मुख्यत्वे ह्याच कामासाठी. पुरस्काराची अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांत वाटून दिली, ही गोष्ट मला त्या ठिपक्यांइतकीच मोठी वाटते. असो. तेव्हा 'खेड्यातल्या मास्तरांना काय कळते' ह्या सुराने मी लिहितो आहे असे कोणी समजू नये. मी त्या मास्तरांपैकीच एक आहे. माझेही पान होते, आहे, आणि त्याची फजिती पुढे येणारच आहे.

प्रथम शोभेच्या खिडक्या. बऱ्याचशा पानांवर उजव्या हाताला एक घड्याळ टिकटिकत असते. ज्या संगणकावर ते पाहायचे त्याच्या कोपऱ्यात दुसरे घड्याळ असते आणि पाहणाऱ्याच्या हातात बहुधा तिसरे. घड्याळाखाली पाहुण्यांची मोजणी असते, त्यांच्या देशांचे झेंडेही असतात. एक मासे पोहणारा चौकोन असे, त्यात बाण नेला की मासे खाणे मागायला धावत. पोरांना तो भारी आवडे, आणि मलाही. ह्या वस्तूंवर रागावण्यात अर्थ नाही. आपण दारावर प्लॅस्टिकचे तोरण लावतोच की. एवढेच की तोरणाने दार अडू नये. आमच्या गावातल्या पुष्कळ घरांत सबंध घराला मिळून एक फोन असतो आणि त्यातला डेटा रात्री नऊपर्यंत संपत आलेला असतो. अशा फोनवर मजकुराच्या आधी मासे उतरतात.

खरी समीक्षा सुरू होते ती मजकुराच्या आत बसवलेल्या खिडकीपाशी. आणि इथे मला आधार वाटतो तो आपल्या फार जुन्या एका युक्तीचा. तिचे नाव उपाख्यान.

महाभारतात वनपर्वात नलदमयंतीची कथा येते. ती सबंध स्वतंत्र कथा आहे, वेगळी काढून छापता येते, छापलीही जाते. पण ती तिथे का येते पाहा. युधिष्ठिर द्यूतात सर्वस्व हरून वनात बसला आहे. बृहदश्व ऋषी भेटायला येतात. युधिष्ठिर विचारतो की माझ्याइतका अभागी राजा आपण कोठे पाहिला आहे काय? त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून नळ येतो, फाशांनीच राज्य गमावलेला. कथा संपते तेव्हा बृहदश्व उठून चालते होत नाहीत. ते युधिष्ठिराला फाशांची विद्या शिकवतात. म्हणजे आधी ऐकणाऱ्याचा प्रश्न, मधे परकी कथा आणि नंतर ऐकणाऱ्याच्या हातात काहीतरी. ह्या तीन गोष्टी असल्या की दुसऱ्याची कथा आपल्या ग्रंथात पाहुणी राहत नाही, घरची होते. बाबा पद्मनजींच्या १८५७ सालच्या 'यमुनापर्यटना'तही यमुनेला प्रवासात भेटणाऱ्या विधवांच्या हकीकती अशाच एकामागून एक येतात. कादंबरी म्हणून ती सैल आहे हे मान्य केले, तरी त्या हकीकती उपऱ्या वाटत नाहीत, कारण ऐकणारी यमुना तिथे हजर असते आणि ते दुःख तिच्या वाटेवरचे असते. कीर्तनकार बुवाही दुसरे काय करतात? अभंग तुकोबांचा असतो, आख्यान पुराणातले असते, चाल कोणाची तरी असते. पण अभंग म्हणून झाला की बुवा खाली बसून घेत नाहीत. अभंगाच्या आधी बुवा असतात आणि नंतरही बुवाच असतात.

आता हे माप घेऊन मी पाहिलेल्या पानांकडे वळतो. एका नेहमीच्या प्रकारच्या पानावर वर पाठाचे नाव असते, त्याखाली 'खालील व्हिडिओ पाहा' ही ओळ असते, त्याखाली खिडकी, आणि खिडकीखाली 'धन्यवाद'. हे उपाख्यान नव्हे. ह्यात प्रश्न विचारणारा युधिष्ठिर नाही आणि फाशांची विद्याही नाही. बृहदश्व आले, नळाची पोथी ठेवली आणि 'धन्यवाद' म्हणून निघून गेले, असा हा प्रकार आहे. आणि हे एखाद-दुसऱ्या आळशी मास्तराचे नाही. वर्गात तास तास रंगवणारी माणसे पानावर आली की अशी मुकी होतात. मला वाटते ह्याला कारण नम्रता आहे. त्या व्हिडिओतला माणूस पुण्यामुंबईचा असतो, त्याच्यामागे रंगीत पडदा असतो, त्याचा उच्चार स्वच्छ असतो, आणि आपण कोण? ही नम्रता मला मान्य नाही, पण ती मी ओळखतो, कारण तीच माझ्याही पानावर होती.

त्याची हकीकत अशी. टाळेबंदीच्या दिवसांत शाळा बंद, म्हणून मी सातवीच्या मुलांसाठी एक पान केले. एका कवितेच्या पाठासाठी कोणीतरी सुरेख चालीत गायलेला व्हिडिओ सापडला. तो चिकटवला आणि वर ती ठरलेली ओळ लिहिली. पहिल्या आठवड्यात असे झाले की कविता संपली रे संपली, त्याच खिडकीत पुढे पाहण्यासारखे म्हणून दहा-बारा चित्रे उमटत आणि त्यांत कवितेचा मागमूस नसे. मारामाऱ्या होत्या, विनोद होते, कोणा नटाचे लग्न होते. माझे निम्मे विद्यार्थी माझ्याच पानाच्या दारातून त्या लग्नाला गेले. महिन्याभराने तो व्हिडिओ ज्याने लावला होता त्याने काढून टाकला. मला पत्ताही नव्हता. एका मुलीचा फोन आला. आमच्याकडच्या मुली बोलतात तशीच ती म्हणाली, 'सर, मी बघाय गेलो तर नुसतं काळं दिसतंय. त्यात तुमचं काय व्हतं?'

त्यात माझे काय होते? एक ओळ. 'खालील व्हिडिओ पाहा.'

तो प्रश्न मी अजून पचवलेला नाही. कादंबरीवर पुष्कळ टीका ऐकली, लेखक पाल्हाळिक आहे, शेवट घाईने केला आहे, वगैरे. पण त्या बाराएक वर्षांच्या पोरीइतकी नेमकी टीका माझ्या वाट्याला आली नव्हती. खिडकी काढली तर पान उभे राहते का? तेव्हापासून प्रत्येक पान वाचताना मी मनातल्या मनात खिडकीवर हात ठेवून पाहतो. पुष्कळ पाने हाताखाली नाहीशी होतात.

खिडक्या काळ्या पडणे हा अपवाद आहे असे समजू नये. एके काळी हलती चित्रे आणि खेळ फ्लॅश नावाच्या तंत्राने चालत. ते तंत्र ज्या कंपनीचे होते तिने २०१७ मध्येच जाहीर केले होते की २०२० च्या अखेरीस हे बंद होणार, आणि जानेवारी २०२१ मध्ये ते खरोखरच अडवले गेले. जगभरच्या शाळांच्या पानांवरील ग्रहणे, ज्वालामुखी, हृदयाचे ठोके एका रात्रीत राखाडी चौकोन झाले. त्याआधी जावाच्या खिडक्यांचे असेच झाले होते. २०१५ साली क्रोमने त्यांना दार बंद केले. जून २०२० मध्ये भारत सरकारने टिकटॉक आणि आणखी अठ्ठावन्न अॅप्सवर बंदी घातली. तिची राजकीय बाजू इथे माझा विषय नव्हे, पण त्यातले एखादे दृश्य ज्यांनी आपल्या पानात लावले असेल त्यांच्या हाती रिकामी चौकट राहिली. जुनी पाने जपून ठेवणारी संग्रहालये इंटरनेटवर आहेत. त्यांत मास्तरांचा मजकूर बहुधा सापडतो. खिडकीतले सापडेलच असे नाही. म्हणजे पन्नास वर्षांनी कोणी ह्या काळातल्या शिक्षकांचे लेखन शोधू लागला, तर त्याच्या हाती जे लागेल ते 'खालील व्हिडिओ पाहा' आणि 'धन्यवाद'.

पण खिडकी शाबूत असतानाही एक घोटाळा होतो, आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. पन्हाळ्याहून विशाळगडापर्यंतची वाट घ्या. जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरचा वेढा फोडून महाराज गेले ती. शिवा काशीद आणि बाजीप्रभू ही नावे आमच्याकडे पहिलीच्या मुलालाही माहीत असतात. ह्या पाठासाठी काही पानांवर नकाशाची खिडकी लावलेली मी पाहिली आहे. पन्हाळा आणि विशाळगड अशी दोन नावे घातली की निळी रेघ उमटते, खाली तास आणि मिनिटे येतात. नकाशा खरा आहे, रेघही खरी आहे. पण ती मोटारीच्या रस्त्याची रेघ आहे. मसाईचे पठार, आषाढातला पाऊस, चिखल, अंधार, खांद्यावरची पालखी आणि पुढे घोडखिंड ह्यांतले काहीच त्या रेघेला ठाऊक नाही. मुलगा ते तास-मिनिटे पाहतो आणि त्याला प्रामाणिकपणे वाटते, एवढेच? ज्या प्रश्नाचे उत्तर खिडकी देते तो प्रश्न आपण विचारलेला नसतो. विचारला गेलेला असतो तो मोटार चालवणाऱ्याने. त्यापेक्षा दरवर्षी पावसाळ्यात त्या वाटेने चालत जाणारी जी मंडळी आहेत, त्यांतल्या एखाद्याच्या पायांच्या फोडांचा फोटो पुष्कळ अधिक शिकवील. आणि तरीसुद्धा हाच नकाशा एका ओळीने वाचवता येतो. 'ही आजच्या मोटारीची वाट आहे. महाराज हिने गेले नाहीत. का गेले नसतील ते नकाशात शोधा.' झाले! लगेच पोरे डोंगर पाहू लागतात.

आता ज्या खिडक्यांपुढे मी टोपी काढतो त्यांच्याबद्दल, कारण नुसती उणी काढणारा समीक्षक म्हणजे सणाला आलेला आणि मिठाच्या प्रमाणावरच बोलणारा पाहुणा.

काही गोष्टी शब्दांत सांगताच येत नाहीत. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश असते हे वाक्य पाठ करता येते, ते खरे वाटणे ही वेगळीच गोष्ट आहे. ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गला मार्कुस होहेनवार्टर नावाच्या विद्यार्थ्याने आपल्या अभ्यासक्रमातले काम म्हणून जिओजेब्रा लिहायला घेतले, ते ह्या शतकाच्या अगदी आरंभी. त्याची खिडकी पानात लावली की पडद्यावर त्रिकोण येतो. कोपरा बोटाने ओढावा. त्रिकोण लांबतो, चपटा होतो, तीनही आकडे धावत सुटतात आणि बेरीज मात्र जागची हलत नाही. मूल ती मोडायचा प्रयत्न करते. कोपरा दूर नेते, जवळ आणते, जवळजवळ सरळ रेषा करते. बेरीज हटवादीपणे १८०! अशी खिडकी लावलेले एक पान मी वाचले, आणि ते लिहिणाऱ्या बाईंना मनातून नमस्कार केला. त्यांनी खिडकीच्या आधी लिहिले होते की प्रथम कागदाचा त्रिकोण कापा, त्याचे तीन कोपरे फाडा आणि एकाशेजारी एक लावून पाहा, काय होते? मग खिडकी. आणि खिडकीखाली प्रश्न होता की कागदाने जे एकदा दाखवले ते ह्या चित्राने किती वेळा दाखवले, आणि दोन्हींपैकी कशाने सिद्ध झाले? हा शेवटचा प्रश्न वाचून मी उठून पाणी प्यालो. उत्तर कशानेच नाही, असे आहे. सिद्धता अजून पुढे आहे. इथे आधी प्रश्न आहे, मधे परकी कथा आहे आणि शेवटी फाशांची विद्या आहे. बाईंनी बृहदश्व वाचले असतील-नसतील.

तसाच दुसरा प्रकार फेटचा. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात कार्ल वीमन ह्यांनी २००२ साली हे काम सुरू केले. त्याच्या आदल्या वर्षी त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले होते. त्यांतल्या पुष्कळशा खिडक्या मराठीतही आहेत. विजेच्या मंडलाची एक आहे, तिच्यात तार, दिवा, घट हवे तसे जोडावेत. चुकीचे जोडले की पडद्यावरच्या घटाने पेट घेतलेला दिसतो. आमच्या प्रयोगशाळेतला घट पेटला असता तर मला खुलासा द्यावा लागला असता! इथे पोरे मुद्दाम पेटवतात, आणि मुद्दाम पेटवता पेटवता शॉर्टसर्किट म्हणजे काय ते शिकतात. ह्या मंडळींच्या जुन्या खिडक्या जावा आणि फ्लॅशच्या होत्या. त्या मरणार हे दिसताच त्यांतल्या पुष्कळशा त्यांनी नव्या तंत्रात पुन्हा लिहून काढल्या. कोणाची खिडकी लावावी ह्याचा निकष मला इथे सापडतो. घरमालक घराची डागडुजी करतो का, हे आधी पाहावे.

इथे माझ्या गावाशेजारची एक गोष्ट आठवते. वारणानगर आम्हांला लागूनच आहे. तात्यासाहेब कोऱ्यांनी उभारलेला साखर कारखाना आणि त्याभोवतीचा सगळा संसार. १९९८ साली केंद्र सरकारच्या पुढाकाराने ह्या परिसरातली, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली सत्तर गावे संगणकाने जोडायची योजना निघाली. गावोगाव संगणकाची केंद्रे आली. शेतकऱ्याला त्यातून पिकांची, बाजारभावाची, सरकारी योजनांची माहिती मिळावी अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात केंद्रावर माणसे येत ती मुख्यतः आपल्या उसाचे वजन किती भरले आणि खत कधी मिळणार हे पाहायला. पुढे २००७ च्या सुमारास काही गावांत संशोधकांनी संगणकाच्या जागी साधा मोबाइल ठेवून पाहिला. शेतकऱ्याने संदेश पाठवायचा आणि उसाचा आकडा त्याच्या हातात यायचा. ते लोकांना पटले. मोठी खिडकी बांधून जग दाखवण्यापेक्षा माणसाचा स्वतःचा आकडा त्याच्या हाती देणे जास्त उपयोगी पडले. ही गोष्ट मी खिडकीच्या विरुद्ध म्हणूनही सांगू शकतो आणि बाजूनेही, कारण खिडकीचा मूळ गुण तोच आहे. मुलाला शोधत हिंडायला न लावता, जे हवे ते जिथे तो वाचतो आहे तिथेच आणून देणे. फक्त ते 'त्याला' हवे असलेले पाहिजे.

एका गोष्टीविषयी मात्र मी विनोद करणार नाही. खिडकीतून आपण बाहेर पाहतो तसे बाहेरूनही आत पाहता येते. मूल माझे पान उघडते, आणि त्या क्षणी खिडकीच्या मालकालाही कळते की कोणीतरी आले, कोणत्या फोनवरून आले, किती वेळ थांबले. मुलाने खिडकीला हातही लावलेला नसला तरी कळू शकते. व्हिडिओ, घड्याळ, झेंड्यांची मोजणी, फेसबुकचा अंगठा, प्रत्येकाचा मालक वेगळा. एका गरीब पानावर मी अशी सात दारे मोजली. २०२३ साली आपल्या संसदेने वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा कायदा केला. अठरा वर्षांखालील मुलांचा माग काढू नये, त्यांच्यावर रोखून जाहिराती करू नयेत, असे त्यात म्हटले आहे. कायदा कंपन्यांनी पाळायचा. पण मुलाला त्या दारापर्यंत आणून सोडतो तो मास्तर, आणि पालक मास्तरांच्या नावावर विश्वासून फोन मुलाच्या हाती देतात. यूट्यूबने कमी टेहळणीचा एक निराळा पत्ताही दिलेला आहे. खिडकी लावताना एक खूण केली की तो मिळतो. मी पाहिलेल्या पानांत ही खूण केलेली फार थोडी आढळली. माझ्या स्वतःच्या पानावरही नव्हती.

मग खिडक्याच नकोत, पुस्तक बरे, असे म्हणणारे आमच्या शिक्षकांच्या खोलीत दोघे-तिघे आहेत. त्यांच्याशी माझे जमत नाही. माँटेसोरीबाईंची साधने आपल्याकडे आली तेव्हा तीही परकी होती, महागही होती. ताराबाई मोडक आणि त्यांच्यानंतर अनुताई वाघ ह्यांनी ती नाकारली नाहीत आणि जशीच्या तशी मांडलीही नाहीत. १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी शिंपले, बिया, खडे, पाने ह्यांतून तीच साधने पुन्हा घडवली, वारली मुलांच्या हाताला ओळखीची होतील अशी. आज तेवढे प्रत्येकाने करावे असे कोण म्हणेल? जिओजेब्रा मला काही घडवता येणार नाही. पण वरचा प्रश्न आणि खालचा प्रश्न घडवता येतो. खिडकीची मापे तरी पाहता येतात. तयार कोड बहुधा ५६० बाय ३१५ अशा मापाचा येतो. तो संगणकावर ठीक बसतो आणि आईच्या फोनवर उजवीकडे कापला जातो. तिथे बाईंच्या चेहऱ्याचा अर्धा भाग आणि फळ्यावरचे अर्धे समीकरण दिसते. चिकटवल्यावर एकदा मुलाच्या फोनवर पाहावे, एवढे साधे काम आहे. ज्याला दिसत नाही अशा मुलाचा फोन पान वाचून दाखवतो. खिडकीला नाव दिलेले नसेल तर तो तिथे नुसते 'चौकट' अशा अर्थाचे काहीतरी बोलून पुढे जातो. नाव द्यायला चार शब्द लागतात.

यंदा मे महिन्याच्या सुट्टीत मी माझे पान पुन्हा लिहिले. घड्याळ काढले. मासे काढताना थोडा रेंगाळलो, पण काढले. अकरा खिडक्या होत्या, त्यांतल्या तीन राहिल्या, आणि त्या कवितेच्या जागी आता गाणे नाही. तिथे मी ती कविता पहिल्यांदा कधी वाचली, कोणती ओळ मला कळली नव्हती आणि ती कळायला किती वर्षे लागली, ते लिहिले आहे. दीड पान झाले. गायलेल्या कवितेची सर त्याला नाही, हे मला माहीत आहे. म्हणून शेवटी लिहिले की घरात कोणाला ही चाल येत असेल तर त्यांच्याकडून ऐका आणि मला सांगा. ती फोन करणारी मुलगी आता कॉलेजात जाते. तिला पान पाठवले होते. तिचे उत्तर आले, 'सर, आता वाचाय लई वेळ लागतोय.' आणि खाली, आणखी एका ओळीत, तिच्या आजीला चाल येते म्हणून.